ओंडक्यातला डोळेवाला भुंगेरा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे ओक-मेपलचं रान आहे. जूनमधल्या एका रात्री मागच्या दारच्या दिव्याखाली एक भुंगेरा उताणा पडलेला दिसला. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळा, पाय पोटाशी घेतलेले. मी वाकले तोच 'टक्' असा आवाज झाला, तो हवेत उडाला आणि पायांवर पडला. मग दिसले ते डोळे. काळेभोर, पांढऱ्या कडेचे, माझ्यावरच रोखलेले!

ते डोळे म्हणजे डोक्यामागे वक्षाची जी रुंद ढाल असते, तिच्यावरचे दोन ठिपके. खरे डोळे त्यांच्या पुढे, मिशांच्या बुडाशी, अगदी छोटे. पक्षी या ठिपक्यांना बिचकत असावेत, असं मानतात. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली या जातीला 'ऑक्युलॅटस' म्हणजे डोळेवाला असं नाव दिलं, तेही याच ठिपक्यांवरून. आज तिचं पूर्ण नाव ॲलॉस ऑक्युलॅटस.

ओळखतानाही आधी ठिपकेच पाहावेत. ते गोल आणि कड ठसठशीत असेल तर हाच. चिंचोळे आणि कड पुसट असेल तर पाईनच्या लाकडात वाढणारा त्याचा भाऊबंद, ॲलॉस मायॉप्स. ढालीचे मागचे कोपरे टोकदार असणं ही मात्र क्लिक बीटल, म्हणजे 'टक्' करून उडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या सगळ्या कुळाचीच खूण. या कुळात जगभर सुमारे १०,००० जाती आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे दिव्यावर येणारे आणि उताणे पडले की टकटक उडणारे लांबुळके तपकिरी किडे त्यातलेच.

या उडीत पायांचं काहीच काम नसतं. छातीखाली एक खुंटी असते आणि तिच्या मागे ती बसेल अशी खाच. उताणा भुंगेरा पाठीची कमान करतो, खुंटीचं टोक खाचेच्या काठावर अडतं, स्नायूंचा ताण वाढत जातो. चुटकी वाजवताना आपण मधलं बोट अंगठ्यावर दाबून धरतो ना, तसंच. टोक निसटलं की साठलेला जोर मिलिसेकंदाच्या आत सुटतो. युरोपातल्या एका लहान क्लिक बीटलच्या उडीत गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८० पट त्वरण मोजलं गेलं आहे. दिशा मात्र त्याच्या हातात नसते. पुन्हा पाठीवर पडला, तर पुन्हा चुटकी.

मला सगळ्यात भावली ती त्याची अळी. प्रौढ भुंगेरा फुलांतला मध चाखत फिरतो, पण आयुष्याची बरीच वर्षं गेलेली असतात कुजत्या लाकडाच्या अंधारात. शेतकऱ्यांना क्लिक बीटलच्या अळ्या म्हटलं की बटाटे पोखरणारे वायरवर्म आठवतात. ही अळी शिकारी आहे. लाकूड पोखरणाऱ्या इतर भुंगेऱ्यांच्या अळ्या ती त्यांच्याच बोगद्यांत गाठून खाते.

वादळात पडलेला एक ओक आमच्या मागे तसाच आहे. दुसऱ्या दिवशी त्याची सुटलेली साल हलकेच उचलली. ओलसर भुशात एक पिवळट, चपटी अळी होती, डोकं गडद तपकिरी. उजेड पडताच ती जबडे फाकवून माझ्याकडे वळली. साल होती तशी परत ठेवली.