बॅकलॉग म्हणजे आपला अनुशेषच

नागपुरात ‘अनुशेष’ हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की तो वर्तमानपत्रांत परत येतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसणारे आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हाच शब्द इंग्रजीत वापरतो आणि करायच्या राहिलेल्या मागण्यांच्या यादीला बॅकलॉग म्हणतो. मागण्या शंभर, माणसं सहा, तारीख आधीच कबूल केलेली. क्लायंट म्हणतो, “भाऊ, सगळंच पहिल्या रिलीजमध्ये (ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आवृत्तीत) पाहिजे.” मग एक्सेलची शीट उघडते, मीटिंग होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी वर सरकते.

ही निवड आवाजावर न सोडता गणिताने शोधून काढावी, या विचाराला आता दोन दशकांहून जास्त काळ झाला आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. ४० मागण्यांपैकी कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, याचे पर्याय होतात २ चा ४० वा घात, म्हणजे १ लाख कोटींहून जास्त. सेकंदाला १० लाख पर्याय तपासणाऱ्या संगणकाला ते सगळे पाहायला साधारण १३ दिवस लागतील. मागण्या ६० झाल्या की तोच संगणक ३६ हजार वर्षं मागतो. शिवाय एक मागणी दुसरीवर अवलंबून असते, ते वेगळंच.

कामाचं नियोजन हे शास्त्र त्याहून जुनं. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत तयार झाली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट आली. कोणतं काम रखडलं तर सगळंच रखडेल, हे या पद्धती नेमकं सांगतात. पण कामाला किती दिवस लागतील हा आकडा त्यांना आधी द्यावा लागतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये घोडं तिथेच अडतं. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत रखडलेल्या आणि बजेट फुगलेल्या प्रकल्पांची उघड चर्चा झाली. १९७५ मध्ये संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. १९८१ मध्ये बॅरी बोहम यांनी खर्चाच्या अंदाजाचं कोकोमो हे प्रारूप मांडलं. अगदी सुरुवातीला केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट निघू शकतो, हेही त्यांनीच दाखवलं.

दुसऱ्या बाजूला शोधाची तंत्रं, म्हणजे असंख्य पर्यायांतून चांगला पर्याय हुडकण्याच्या पद्धती, वाढत होती. सगळ्यात साधं तंत्र म्हणजे टेकडी चढणं. आहे त्या योजनेत छोटासा बदल करायचा, सुधारणा झाली तर तो ठेवायचा. यात धोका असा, की दाट धुक्यात माणूस सीताबर्डीची छोटी टेकडी चढून बसतो आणि आपण रामटेकच्या गडावर पोचलो असं समजतो. त्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्की यांनी सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग मांडलं. तापलेला धातू हळूहळू थंड करतात तसं हे चालतं. सुरुवातीला वाईट बदलही अधूनमधून पत्करायचे, पुढे हात आखडत जायचा. त्याआधी १९७५ मध्ये मिशिगनचे जॉन हॉलंड यांचं जेनेटिक अल्गोरिदमवरचं पुस्तक आलं होतं. त्यात प्रत्येक योजना म्हणजे शून्य आणि एकची माळ (आपल्या प्रश्नात एक म्हणजे मागणी घेतली, शून्य म्हणजे सोडली). अशा पुष्कळ माळा घ्यायच्या, चांगल्यांची जोडी लावून नवी पिढी तयार करायची, मधूनच एखादा मणी उलटवायचा.

सॉफ्टवेअर आणि शोध या दोन बाजूंची पहिली भेट नियोजनात झाली नाही, ती टेस्टिंगमध्ये झाली. १९७६ मध्ये वेब मिलर आणि डेव्हिड स्पूनर यांनी टेस्ट डेटा, म्हणजे प्रोग्राम तपासायला द्यायची माहिती, मिळवायला पायरीपायरीने सुधारत शोधण्याची पद्धत वापरली. माझ्या मते हे साहजिकच होतं. टेस्टिंगमध्ये प्रोग्राम स्वतः चालतो आणि तुम्ही लक्ष्याच्या किती जवळ आलात हे स्वतःच सांगतो. नियोजनात ते सांगणारं कुणी नसतं, असतात ते माणसांचे अंदाज.

नियोजनाच्या बाजूने कार्ल चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊल टाकलं. कोणाला कोणतं काम द्यायचं, हे जेनेटिक अल्गोरिदमने ठरवण्याचं त्यांचं काम २००१ मध्ये सविस्तर छापून आलं. त्याच वर्षी ‘इन्फर्मेशन अँड सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकाच्या डिसेंबरच्या अंकात मार्क हार्मन आणि ब्रायन जोन्स यांनी या सगळ्या प्रवाहाला ‘सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव दिलं. त्याच अंकात बॅग्नॉल, रेवर्ड-स्मिथ आणि व्हिटली यांनी ‘नेक्स्ट रिलीज प्रॉब्लेम’ मांडला: ठरलेल्या बजेटात कोणत्या मागण्या घेतल्या तर सगळ्यात महत्त्वाचे ग्राहक खूश होतील? कळमन्याच्या बाजारात टेम्पो भरण्याचंच हे गणित. वजनाची मर्यादा ठरलेली आणि माल त्याहून जास्त. फरक एवढाच, की इथे एक पेटी घ्यायची तर तिच्याखालची दुसरीही घ्यावी लागते.

२००४ मध्ये ग्रीअर आणि रुहे यांनी एकाच रिलीजवर न थांबता पुढच्या अनेक रिलीजची आखणी मांडली. नंतर आंतोनिओल, डी पेंटा आणि हार्मन यांनी वाय-टू-के दुरुस्तीच्या (सन २००० ची तारीख संगणकांना नीट कळावी म्हणून केलेल्या) एका प्रचंड प्रकल्पाची खरी आकडेवारी घेतली आणि त्यात रद्द होणारं काम, पुन्हा करावं लागणारं काम हेही धरलं. हा भाग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. उलट २००७ मधलं अल्बा आणि चिकानो यांचं प्रारूप नंतर खूप वापरलं गेलं, पण त्यात काम माणसांत सरळ भागलं जातं, माणसं दुप्पट म्हणजे वेळ निम्मा. ब्रुक्स यांनी बत्तीस वर्षांपूर्वी जे नाकारलं होतं, ते समीकरणात तसंच बसलं होतं.

या सुरुवातीच्या बहुतेक पद्धती शेवटी एकच उत्तर हातात ठेवायच्या. मॅनेजरला ते नको असतं. २००७ मध्ये युआनयुआन झांग, हार्मन आणि मन्सूरी यांनी खर्च आणि ग्राहकांचं समाधान ही दोन उद्दिष्टं वेगळी ठेवली. उत्तर म्हणून आली पर्यायांची अख्खी रांग: इतके पैसे टाका, इतकं समाधान मिळेल. अशी रांग शोधायला जगभर वापरला जाणारा एनएसजीए-टू हा अल्गोरिदम आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. आपल्याकडच्या कॉलेजांत हे सांगतात की नाही, देव जाणे.

मजा म्हणजे पुढे अचूक गणिताचे सॉल्व्हर, म्हणजे नेमकं सर्वोत्तम उत्तर काढणारे प्रोग्राम, इतके सुधारले, की २००१ मध्ये आवाक्याबाहेरची वाटलेली एकाच उद्दिष्टाची उदाहरणं आता व्यवहार्य वेळात तंतोतंत सुटतात. म्हणजे शोधाची गती हा मुद्दा मागे पडला. चांगलं कशाला म्हणायचं, हा मुद्दा मात्र जागीच राहिला.

२००८ मध्ये फिंकेलस्टीन, हार्मन, झांग आदींनी तोच हातात घेतला: मागण्यांच्या वाटपात न्याय म्हणजे काय? प्रत्येक ग्राहकाच्या सारख्याच संख्येने मागण्या पूर्ण करायच्या? सारख्याच किमतीच्या? की ज्याने जेवढं मागितलं त्याच्या सारख्याच टक्क्यांत? तिन्ही न्याय एकमेकांशी भांडतात. विदर्भाच्या माणसाला यात नवीन काहीच नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो प्रत्येक क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे यावरून, आणि मोजपट्टी हीच का, यावरचा वाद पुढे अनेक वर्षं चालला.

आमच्या एका प्रोजेक्टात हौशी सहकाऱ्याने पायथनमध्ये अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. यादीत सत्तराव्या नंबरच्या आसपास एका लहान क्लायंटची मागणी पडून होती, मराठीत पावती छापण्याची. किंमत आणि खर्च एवढंच मोजलं तेव्हा परवडणाऱ्या पर्यायांपैकी एकातही ती आली नाही. न्यायाची पट्टी जोडल्यावर ती पहिल्यांदा वर आली आणि मोठ्या क्लायंटची दोन कामं पुढच्या रिलीजला गेली. त्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी सकाळी आला.