टाचणवहीचा उजवा रकाना

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही 'पाठ टाचण' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारायच्या. डावीकडे 'शिक्षक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती', कडेला 'फलक लेखन'. उद्याचा तास आज रात्री लिहून काढायचा. डाव्या रकान्यात आपला प्रश्न, उजव्यात त्याचे उत्तर. ज्या मुलाला अजून पाहिलेलेही नाही, ते उद्या काय बोलणार हे आदल्या रात्रीच लिहून ठेवायचे.

माझा एक सराव पाठ मला अजून लख्ख आठवतो. तिसरीचा वर्ग, परिसर अभ्यास, घटक शरीराची स्वच्छता. मी विचारले, "सकाळी उठल्यावर सगळ्यांत आधी काय करता?" टाचणात उत्तर तयार होते : दात घासतो. पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "शेळ्या सोडते." तिच्या मागचा म्हणाला, "पाणी आणतो." तिसऱ्याने सांगितले, "आई चूल पेटवते, मी लाकडं देतो." मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी फिरवून विचारला. दात काही कुणी घासले नाहीत. पाठ निरीक्षण वहीत शेरा आला : 'अपेक्षित उत्तर काढून घेता आले नाही.' तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे शेरा बरोबरच होता. पण त्या तीन उत्तरांत त्या वर्गाची अख्खी सकाळ होती आणि माझ्या वहीत तिला जागा नव्हती. तो उजवा रकाना असा आधीच भरलेला का असतो, याचे उत्तर आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणाच्या दोनशे वर्षांत सापडते.

पंतोजींच्या शाळेत टाचण नव्हते आणि प्रशिक्षणही नव्हते. देवळाच्या पडवीत किंवा कुणाच्या ओसरीवर लहानमोठी मुले एकत्र बसत. कुणी धूळपाटीवर अक्षर गिरवी, कुणी मोडीचे वळण घटवी, कुणी पावकी-निमकी म्हणे. मोठा मुलगा धाकट्याकडून घोकून घेई. छडी होती, पाठांतर होते, आणि बहुसंख्य जातींना व जवळजवळ सगळ्या मुलींना तिथे प्रवेशच नव्हता, तेव्हा त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की सगळ्यांनी एकाच वेळी एकच उत्तर द्यावे अशी त्या शाळेची रचना नव्हती. ज्याचे त्याचे शिकणे ज्याच्या त्याच्या टप्प्यावर चाले.

मुंबईत १८२२ साली शालेय पुस्तके आणि शाळांसाठी सोसायटी निघाली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचा तिला आधार होता आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा चिटणीस होता. तिने १८२६ च्या सुमारास २४ शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले. त्यांच्या हाती नवी छापील पुस्तके होती, आणि तीच पुस्तके सगळीकडे सारखी शिकवली जावीत हा त्या प्रशिक्षणाचा मुख्य हेतू होता. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शैक्षणिक धोरणपत्राने, शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्था काढण्याची शिफारस केली. या संस्थांना 'नॉर्मल स्कूल' म्हणत. हे नाव मूळ फ्रान्समधले. नॉर्म म्हणजे प्रमाण, नमुना. शिकवायचे कसे याचा एक नमुना ठरवायचा आणि प्रत्येक शिक्षक त्यावर बेतून काढायचा, ही कल्पना त्या नावातच होती.

त्याच काळात पुण्यात वेगळ्याच गरजेतून एक शिक्षिका घडत होती. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे शिक्षण घेतले. भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. ज्या मुलींना कुणी शिकवायला तयार नव्हते, त्यांच्यासाठी शिक्षिका हवी होती म्हणून प्रशिक्षण घेतले गेले. आधी विद्यार्थी आणि मग प्रशिक्षण, असा तो क्रम होता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातला शिक्षकांविषयीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, कारण ते त्या लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असे त्यांनी म्हटले. वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा माणूस त्यांना हवा होता. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि लेखन-वाचन-हिशेबाबरोबर शेती व आरोग्याची प्राथमिक माहितीही शिकवली जावी, ही मागणीही त्यात आहे. मुलांच्या घरचे जगणे शिक्षकाला आतून माहीत हवे, हा विचार इतक्या स्वच्छ शब्दांत तेव्हा मांडला गेला होता. सरकारी प्रशिक्षणाने तो उचलला नाही.

उचलली गेली ती पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या. योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन विचारवंताने शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यामागचा विचार खोल होता : नवे ज्ञान मनात असलेल्या जुन्या ज्ञानाला जोडले तरच टिकते. त्याच्या मागून आलेल्या त्सिलर आणि राइन यांनी त्या पायऱ्यांचा पाच टप्प्यांचा साचा केला. तो इंग्लंडच्या प्रशिक्षण महाविद्यालयांतून आपल्याकडे आला आणि पूर्वतयारी, विषय प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन या नावांनी मराठी वह्यांत स्थिरावला. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ चे. प्राथमिकचे मास्तर त्याआधीपासून व्हर्नाक्युलर फायनल (सातवीची मराठी परीक्षा) होऊन ट्रेनिंगला जात, आणि 'ट्रेंड' (प्रशिक्षित) व 'अनट्रेंड' हे शब्द खेडोपाडीही माहीत झाले होते. हर्बार्टच्या विचारात मुलाचे पूर्वज्ञान सगळ्यांत आधी येते. वहीत उतरताना मात्र ते पूर्वज्ञान शिक्षकानेच कल्पनेने लिहायची बाब झाली. माझा दात घासण्याचा प्रश्न याच पहिल्या पायरीवरचा.

उजवा रकाना खरोखर मोकळा केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आणि तोही बालवाडीत. ताराबाई राजकोटचे स्त्री प्रशिक्षण महाविद्यालय सोडून भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे दादरला शिशुविहार आणि बालशिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शहरात काम छान चालले होते. तरीही १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. तिथे त्यांना अनुताई येऊन मिळाल्या. अनुताई ट्रेनिंग झालेल्या, पुण्यात मुलींच्या शाळेत बरीच वर्षे शिकवलेल्या शिक्षिका होत्या.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे सारे प्रशिक्षण जणू नव्याने झाले. माँटेसरीची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, काटक्या, पाने ही साधने झाली. मोठी-लहान, जड-हलकी, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे त्यातून शिकवता येते. मुले शाळेत येईनात, तेव्हा बाई पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरला. अंगणवाडी हे नाव तिथून आले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ते देशभर पोचले. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, खाऊ द्यायचा, गाणी म्हणायची आणि मग बाकीचे.

मोठी मुले तरीही यायची नाहीत, कारण ती गुरांमागे असत. मग कुरणशाळा झाली. गुरे चरताहेत आणि तिथेच शिक्षक मुलांबरोबर बसला आहे. तिथे कसले टाचण टिकणार? गाय लांब गेली की मूल उठून जाणार. आलेल्या मुलाला, जेवढा वेळ तो आहे तेवढ्यात, त्याच्या हाताला लागेल त्या वस्तूवरून शिकवायचे. मुलांची वारली बोली शिक्षकाने शिकायची. प्रशिक्षणाला आलेल्या बालसेविकाही याच कामात शिकत. पंचपदी तिथे जमिनीवर आली : पूर्वज्ञान काय आहे, ते मुलालाच विचारायचे.

वर्ध्याला १९३७ च्या परिषदेतून आलेली नई तालीम याच सुमाराची. सूतकताई, शेती, सफाई यांच्याभोवती सगळे विषय गुंफायचे आणि शिक्षकाने स्वतः ते काम करायचे, असे सेवाग्रामचे प्रशिक्षण होते. फुल्यांच्या 'नांगर धरणाऱ्या' शिक्षकाची आठवण इथे होते. सरकारी शाळांत मात्र मूलोद्योग वेळापत्रकातला एक तास होऊन राहिला.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) वर्मावर बोट ठेवले : शिक्षक प्रशिक्षण विद्यापीठांपासून तुटलेले आहे, शाळांपासूनही तुटलेले आहे. त्याच दशकात स्टॅनफर्डला निघालेले सूक्ष्म अध्यापन १९७० नंतर बडोदा विद्यापीठ आणि एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संशोधन संस्थेमार्फत आपल्याकडे आले. प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे, उदाहरण देणे अशी एकेक कौशल्ये सुटी करून सहा मिनिटांत करून दाखवायची, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र. फळ्यावर सरळ रेषेत लिहायला मी त्यातच शिकलो आणि ते आजही उपयोगी पडते. पण समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असायचे आमचेच वर्गमित्र. ते अपेक्षित उत्तर बिनचूक द्यायचे.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) उभ्या राहिल्या. सेवेतल्या शिक्षकाला त्याच्या जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे प्रशिक्षण मिळावे हा हेतू. प्रत्यक्षात बरीच प्रशिक्षणे राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला अशी उतरत आली. शेवटच्या सभागृहात पोचेपर्यंत घटकसंच (प्रशिक्षणाचे छापील साहित्य) तोच राहायचा आणि त्यातला जीव कमी झालेला असायचा. नंदुरबारच्या पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेला आणि उपनगरातल्या साठ पटाच्या वर्गाला एकच घटकसंच.

२००० नंतर महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयांचे जे पीक आले, त्याने मोठे नुकसान केले. त्यातल्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा शिक्षक शिक्षणावरचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ चा. हजारो मुलामुलींनी शेत विकून, कर्ज काढून पदविका घेतल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुढे वर्गच मिळाला नाही. हे लिहिताना माझ्या ओळखीचे चेहरे डोळ्यांसमोर येतात.

तोवर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला होता : मूल स्वतः ज्ञान रचते, शिक्षकाने त्याला त्यासाठी संधी द्यायची. शब्द नवा होता, आणि पुष्कळांनी तो टाचणाच्या वरच्या ओळीत लिहून खाली जुनेच चालू ठेवले. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या (शिक्षण खात्याने पाडलेल्या शाळांच्या एका गटातल्या) जिल्हा परिषद शाळांनी तो वर्गात उतरवून दाखवला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे गठ्ठे, गटागटाने जमिनीवर बसलेली मुले आणि त्यांच्यात खाली बसलेले शिक्षक. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयाच्या काळात शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून शिकणे ही नित्याची गोष्ट झाली. माझ्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त शिकवून गेल्या त्या अशा शाळाभेटी.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि छात्रसेवाकाळ, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, वीस आठवड्यांचा झाला. सुटे सुटे पाठ घेऊन परत जाणाऱ्या छात्राध्यापकाला मुलांची नावे कळत नसत. वीस आठवड्यांत नावे कळतात, कोण का गैरहजर असते तेही कळते. गेल्या वर्षी आमच्या शाळेत आलेल्या एका छात्राध्यापिकेने पाचव्या-सहाव्या आठवड्यात मला विचारले, "सर, विद्यार्थी कृतीचा रकाना तास झाल्यावर भरला तर चालेल का?" मी हो म्हटले. त्या दिवशी भागाकार होता. तास संपल्यावर ती ओट्यावर बसून लिहीत होती : 'सात भाकऱ्या चौघांत वाटायला सांगितल्यावर तिघांनी तुकडे केले. एकाने विचारले, बाबा जेवणार नाहीत का?'