कृषिपंप, कोळसा आणि सौर फीडर

शेतीतलं कार्बन उत्सर्जन म्हटलं की भातखाचरं, युरिया, गुरं आठवतात. महाराष्ट्रात मात्र त्यातला बराच धूर शिवारात दिसतच नाही. तो चंद्रपूर, कोराडी, परळीच्या औष्णिक केंद्रांतून निघतो. विहिरी-बोअरवरच्या मोटारी वर्षानुवर्षं मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालत आल्या.

याचं मूळ १९७०च्या दशकात आहे. मीटरऐवजी मोटारीच्या अश्वशक्तीवर ठोक बिल सुरू झालं. मोटार दोन तास चालो की दहा तास, बिल तेवढंच! पुढे थकबाकी साचत गेली. २००४च्या विधानसभा निवडणुकीआधी मोफत विजेची घोषणा झाली, ती पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि तिच्या वाट्याला थकबाकी न् भारनियमन दोन्ही आलं. शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, गावठाणापासून वेगळे करण्यात आले. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज मिळायची ती पाळीपाळीने, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की पिकाच्या पाण्याची दारं धरायला अंधारात जायचं; साप आहेत, काही भागांत बिबट्याही.

‘दिवसा वीज द्या’ ही मागणी त्यातून तापली. २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. सुरुवातीच्या प्रयोगांत राळेगणसिद्धी होतं. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि वीज शेतीच्या फीडरला द्यायची, एवढी साधी कल्पना. पण जमिनी मिळेनात, काम रेंगाळलं. २०१९मध्ये शेतीच्या सौर विजेसाठी केंद्राची कुसुम योजना आली, २०२३मध्ये राज्याने दुसरा टप्पा आणला आणि पुढे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटवर गेलं. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली होती; उद्योगांवर बोजा टाकून शेतीची वीज स्वस्त ठेवण्यापेक्षा हा हिशेब परवडणारा होता. कार्बनचं नाव या धोरणाला बरंच उशिरा चिकटलं.

२०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, शिवाय ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाच्या किमतीपैकी शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्केच भरायचे. माझं मत फीडरच्या बाजूने आहे. पावसाळ्यात मोटारी बंद असताना फीडरच्या प्रकल्पाची वीज ग्रीडला जाते आणि तेवढा कोळसा वाचतो. बांधावरच्या स्वतंत्र पंपाचं पॅनल तेव्हा नुसतं ऊन खात बसतं. भूजलाचा उपसा मात्र दोन्हींकडे फुकटच राहतो, आणि ठोक बिलापासून चालत आलेला तो प्रश्न सौर योजनेने सोडवायला घेतलेलाच नाही.