अक्रोड फज : पोषणमूल्य

अक्रोड फज : साखर, दूध किंवा साय, लोणी आणि चॉकलेट यांचा पाक गोळीबंद होईपर्यंत आटवून, घोटून आणि त्यात अक्रोडाचे तुकडे घालून थापलेली मऊ वडी. फज मूळचे अमेरिकेतले. तिथल्या वासार या तेव्हा केवळ महिलांसाठी असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी एमेलिन हार्ट्रिज हिने लिहून ठेवले आहे, की 1886 मध्ये बाल्टिमोरला ही मिठाई 40 सेंटला पौंड अशी विकली जात होती. तिने पाककृती मिळवली आणि 1888 मध्ये महाविद्यालयाच्या लिलावासाठी 30 पौंड फज केले. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर तर फजची इतकी दुकाने झाली, की तिथे येणाऱ्या पर्यटकांना स्थानिक लोक ‘फजी’च म्हणतात. आपल्याकडे चॉकलेट-अक्रोड फज म्हटले की लोणावळा आणि तिथले कूपर्सचे दुकान आठवते. चिक्कीच्या पुड्यासोबत फजचा डबाही घरी येतो आणि पहिली वडी तोंडात टाकताना प्रश्न पडतो : यात अक्रोड आहेत, म्हणजे हे थोडे तरी पौष्टिक असेल ना?

उत्तर देण्याआधी भांड्यात काय काय पडते ते मोजलेले बरे. घरगुती प्रमाण असे धरू : साखर 400 ग्रॅम, गाईचे दूध 180 ग्रॅम, बिनसाखरेचे चॉकलेट 60 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम, अक्रोडाचा गर 100 ग्रॅम. दुधातले बरेचसे पाणी उडून जाते आणि तयार वडीत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी उरते, म्हणजे साधारण 690 ग्रॅम फज होते. सगळ्या जिनसांची ऊर्जा मिळून सुमारे 3,050 किलोकॅलरी भरते. त्यातली निम्मी एकट्या साखरेची आणि जेमतेम पाचवा हिस्सा अक्रोडाचा.

100 ग्रॅम वडीमागे हिशेब केला तर सुमारे 440 किलोकॅलरी, 59 ग्रॅम साखर, 21 ग्रॅम मेद, 4 ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने आणि अडीच ग्रॅमच्या आत तंतू एवढे हाती लागते. अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात अक्रोडासारखा सुकामेवा घातलेल्या चॉकलेट फजला सुमारे 460 किलोकॅलरी आणि सुकामेवा नसलेल्याला सुमारे 410 किलोकॅलरी दिल्या आहेत. म्हणजे घरचा हिशेब फारसा चुकत नाही. लोणी आणि अक्रोड यांचे प्रमाण बदलले की आकडे थोडे वरखाली होतात.

आता याच कृतीतून अक्रोड काढून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. अक्रोडाशिवाय 590 ग्रॅम फज होते आणि 100 ग्रॅममागे ऊर्जा 407 किलोकॅलरीपर्यंत खाली येते. म्हणजे अक्रोड घातल्याने कॅलरी कमी होत नाहीत, उलट वाढतात. मात्र साखर 69 वरून 59 ग्रॅमवर येते, प्रथिने अडीच ग्रॅमवरून 4 ग्रॅमच्या पुढे जातात आणि मेद 13 वरून 21 ग्रॅम होतो. मेदाचा हा आकडा पाहून दचकायला होते, पण वाढलेला मेद कसला आहे तेही पाहायला हवे. लोणी आणि चॉकलेट यांतून येणारा संपृक्त मेद (जो जास्त झाला तर हृदयाला बरा नाही) दोन्ही वड्यांत 8 ग्रॅमच्या आसपासच राहतो. वाढतो तो जवळजवळ सगळा असंपृक्त मेद, म्हणजे अक्रोडाचे तेल. अक्रोडाने फज हलके होत नाही, पण त्यातल्या मेदाची जात सुधारते. माझ्या मते अक्रोड फजबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

अक्रोडाच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 65 ग्रॅम मेद, 15 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास 7 ग्रॅम तंतू असतात. त्याखेरीज मॅग्नेशियम, तांबे आणि मँगेनीज चांगल्या प्रमाणात मिळतात. अक्रोडाला सुकामेव्यात वेगळे स्थान आहे ते अल्फा-लिनोलेनिक आम्लामुळे. हा वनस्पतींतून मिळणारा ओमेगा-3 मेद 100 ग्रॅम गरात सुमारे 9 ग्रॅम असतो. बदाम, काजू, शेंगदाणे याच्या जवळपासही येत नाहीत. गरावरची पातळ तपकिरी साल किंचित कडवट लागते ती तिच्यातल्या पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे. अक्रोड सोलून वापरले तर चव सौम्य होते, पण हे घटक सालीबरोबर जातात. अक्रोड पाक उतरवल्यावर, घोटण्याच्या शेवटी मिसळतात, त्यामुळे उकळत्या पाकाची आच त्यांना लागत नाही.

पण मग वडी काट्यावर ठेवावी. दीड बोटाची जाडसर वडी 25 ग्रॅम भरते. त्यात अक्रोड असतो साडेतीन ग्रॅम, म्हणजे एका अख्ख्या अक्रोडाच्या गराहूनही कमी. ओमेगा-3 मिळते 0.3 ग्रॅमच्या थोडे वर. प्रौढ स्त्रीला दिवसाला 1.1 ग्रॅम आणि पुरुषाला 1.6 ग्रॅम पुरेसे मानतात. हे फजमधून मिळवायचे तर स्त्रीला तीन-चार वड्या खाव्या लागतील आणि त्यांच्याबरोबर 50 ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाईल. चार अक्रोड नुसते फोडून खाल्ले तर हे सगळे साखरेवाचून मिळते.

एका वडीत साखर साडेचौदा ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखर (मुख्यतः पदार्थात वरून घातलेली) दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी आणि पाच टक्क्यांखाली आणली तर आणखी चांगले. 2,000 किलोकॅलरीच्या आहारात हे पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. एका वडीतच त्यातला निम्म्याहून जास्त वाटा संपतो आणि सकाळ-संध्याकाळच्या चहातली साखर अजून मोजायची राहिलेली असते. मधुमेह असलेल्यांनी ‘अक्रोडाचे आहे’ म्हणून फजला वेगळी सवलत देऊ नये.

फजची ऊर्जा टॉफीपेक्षा थोडी कमी भरते याचे कारण पाकात आहे. फजचा पाक 112 ते 116 अंश सेल्सिअसला उतरवतात. त्याचा थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत दबणारी मऊ गोळी होते. पाक कोमट होऊ देऊन घोटला की साखरेचे अगदी बारीक कण बनतात आणि वडी जिभेवर रवाळ न लागता विरघळते. टॉफीचा आणि चिक्कीचा पाक याहून बराच पुढे नेतात. थेंब पाण्यातून काढून ताटलीत टाकला की टणकन वाजला पाहिजे. त्या पाकात पाणी जवळपास उरतच नाही.

चिक्कीशी तुलना करायलाच हवी, कारण दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात. गूळ आणि शेंगदाणे समसमान घेतलेल्या चिक्कीत 100 ग्रॅममागे सुमारे 475 किलोकॅलरी असतात, म्हणजे ऊर्जेत ती फजच्या किंचित पुढेच. पण प्रथिने 13 ग्रॅमच्या घरात, फजच्या तिप्पट. ओमेगा-3 मात्र शेंगदाण्यात नगण्य. गूळ असला तरी शरीराच्या हिशेबी ती साखरच. तरीही निम्मा भाग दाण्यांचा असल्याने पोषणात चिक्की उजवी ठरते.

विकतच्या फजच्या डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात. एक म्हणजे घटकांचा क्रम. जो घटक सर्वांत जास्त तो आधी लिहिलेला असतो. लोणी आणि कोको बटरच्या जागी पामकर्नेल तेल किंवा हायड्रोजनीकृत वनस्पती तेल असेल तर संपृक्त मेद वाढतो आणि अक्रोडाने कमावलेले बरेचसे त्यात जाते. भारतात तेले-तुपे आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांतील मेदात ट्रान्स मेदाची (तेल अर्धवट हायड्रोजनीकृत करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदाची) मर्यादा 2022 पासून दोन टक्के आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दिलेले आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वडीचे. अक्रोडाची ॲलर्जी तीव्र असू शकते आणि गराचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे मुलांच्या डब्यात किंवा पाहुण्यांपुढे फज ठेवताना त्यात अक्रोड आहे हे सांगून ठेवावे.

अक्रोडाचे तेल जितके गुणाचे तितकेच लवकर बिघडणारे. उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेल्या वड्यांतली साखर जशीच्या तशी असते, पण अक्रोड खवट होतात आणि त्यांना जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. वड्या बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढाव्यात.