शेळीची प्रजननक्षमता आणि जनुके

एका माजात बीजांडकोशातली जितकी पुटके (बीजांड वाढवणाऱ्या बारीक पिशव्या) पिकून फुटतात, साधारण तितकीच करडे शेळीला होऊ शकतात. पुटक किती लवकर पिकावे यावर जीडीएफ-९, बीएमपी-१५ आणि बीएमपीआर-१बी या जनुकांचा अंमल असतो. बंगालच्या गरोळ मेंढीत यांपैकी शेवटच्या जनुकातल्या एका बदलामुळे पुटके लहान असतानाच पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन फुटतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. शेळीत जुळ्यांचा गुण अनेक जनुकांत विखुरलेला आहे आणि त्याची आनुवंशिकता जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास भरते. बोकड जुळ्यातला असला म्हणून त्याच्याकडून फळलेल्या शेळीला जुळी होतील असे नाही. झालाच तर फरक त्याच्या पाठींच्या (मादी करडांच्या) वेतात दिसतो. म्हणून बोकड निवडताना त्याच्या आईची दोन-तीन वेते पाहावीत.

कोकणात पावसाळ्यात शेळ्या गोठ्यात अडकतात, ओलीमुळे जंत वाढतात, माज चुकतो आणि दोष जातीवर जातो. आधी जंतनाशक द्यावे, फळवण्यापूर्वी २-३ आठवडे रोज २००-३०० ग्रॅम खुराक द्यावा, मगच वाणाला नावे ठेवावीत.

एका जनुकदोषाची खूण मात्र डोळ्यांना दिसते: भुंडेपणा. पहिल्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे ११.७ हजार अक्षरांचा तुकडा गळाला की शिंगे येत नाहीत. हाच दोष आई-बाप दोघांकडून आला, तर शेजारच्या फॉक्सएल-२ जनुकाचे काम बंद पडते आणि मादी गर्भात बीजांडकोशाऐवजी वृषणासारखी ग्रंथी घडते. असे करडू दिसायला पाठ, पण योनीच्या खालच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ असते, सड खुजे राहतात, मोठेपणी बोकडासारखा वास येतो आणि ते कधीच फळत नाही. अशा काही नरांतही वीर्यनलिका तुंबून वांझपणा येतो. एकेरी दोषाचे (एकाच पालकाकडून दोष आलेले) भुंडे जोडपे लावल्यास सरासरी ८ करडांमागे १ पाठ अशी वाया जाते.

भुंडा बोकड टक्कर देत नाही, म्हणून तो ठेवावासा वाटतो. ठेवावा, पण शिंगाळ शेळ्यांसाठीच. भुंड्या शेळीला सिंधुदुर्गातल्या कोकण कन्याळसारख्या शिंगाळ वाणाचा बोकड लावावा. विकत घेताना डोके चाचपावे: डागून शिंगे काढलेल्या बोकडाच्या माथ्यावर दोन व्रण लागतात, आणि जनुकाने तो शिंगाळच असतो.