तीन पांदणी जिथे मिळतात

समुद्रपूर तालुक्यात आमच्या गावापासून दीडेक किलोमीटरवर एक वावर आहे. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे, पण गावात तो कुणी सांगत नाही. सगळे ‘रिठातलं वावर’ म्हणतात. लहानपणी आजीला विचारलं होतं, तिथं काय होतं? ‘काई नाई बाप्पा, रीठ हाय ते,’ एवढंच उत्तर. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. विदर्भात अशी रिठी मौजे कितीतरी आहेत. दप्तरात नाव आहे, शिवार आहे, राहणारं कुणी नाही.

मागच्या उन्हाळ्यात या भागाच्या जुन्या टोपोशीटची स्कॅन केलेली प्रत हाती आली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक इंचाला एक मैल प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा. शाळेत भूगोलाच्या पेपरात सहा गुणांसाठी वाचला होता तसलाच. मी आधी गावाचं नाव शोधलं, मग बोट रिठाकडे नेलं. या नकाशांत ओसाड गावासाठी वेगळी खूण असते, पण इथं तीही नव्हती. जागा कोरी. फक्त तीन बाजूंनी तुटक रेषांच्या तीन गाडीवाटा, म्हणजे पांदणी, येऊन त्या कोऱ्या जागेवर मिळत होत्या.

बैलबंडी रिकाम्या जागी कशाला जाईल? घरं पडली की दोन-चार पावसाळ्यांत माती होतात, पण वाट मोडत नाही. दोन्ही बाजूंचे धुरे तिला धरून असतात आणि शेतात जायला ती लागतेच. नकाशावरची ही मोकळी गाठ हीच रिठाची खूण. सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्चरेषांवर त्याच वाटा लावून पाहिल्या, तर तिन्ही उंचवट्याच्या पाठीवरून जातात. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुततं, म्हणून जुन्या लोकांनी पाणी दोन्हीकडे उतरतं ती धार धरली.

अशी शीट शोधणं अवघड नाही, क्रमांकाची रीत एकदा कळली पाहिजे. चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांच्या चौकोनाला एक आकडा. नागपूर-वर्ध्याचा भाग ५५ मध्ये येतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. हिंगणघाट आणि समुद्रपूर ५५ एल/१४ वर आहेत. आजच्या १:५०,००० च्या शीटही याच चौकोनांच्या असल्यामुळे जुनी-नवी शेजारी ठेवून पाहता येते. नव्या शीट विभागाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतात.

या मोजणीचं आमच्या भागाशी एक नातं आहे, ते हिंगणघाटातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन उत्तरेकडे मोजत मोजत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. पृथ्वीच्या आकाराचं त्यानं १८३० मध्ये मांडलेलं गणित जुन्या टोपोशीटचा पाया आहे. आपल्या मोबाइलचा जीपीएस दुसरं गणित वापरतो. त्यामुळे जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश थेट मोबाइलमध्ये टाकले, तर विदर्भात आपण शंभर मीटरहून जास्त चुकतो. मी पहिल्या खेपेला असाच शेजारच्या तुरीत तासभर खापरं शोधत होतो.

उपाय सोपा आहे. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत जुना नकाशा उपग्रहचित्रावर बसवायचा. त्यासाठी न हललेल्या जागा हव्यात, म्हणजे जुनं देऊळ, तलावाच्या पाळीचा कोपरा, रेल्वेचा पूल. नदीचं वळण घेऊ नये, नदी सरकते. चार-पाच जागा पुरतात, पण त्या शीटभर पसरलेल्या असाव्यात.

दुसऱ्या खेपेला जागा बरोबर सापडली. चैतात नांगरून पडलेलं वावर, आणि मधोमध दोन-अडीच एकरांचा फिकट राखाडी पट्टा. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी आणि शेताच्या जमिनीला काळी का म्हणतात, ते तिथं डोळ्यांनी दिसलं. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मिसळून जमिनीचा रंगच पालटतो. अशा मातीत फॉस्फरसही जास्त सापडतो. पुरातत्त्ववाले त्यावरून जुनी वस्ती ओळखतात, आणि शेतकरी हीच पांढरी गाड्या भरभरून खत म्हणून नेत आले. ढेकळांत खापरं होती, जात्याचा एक तुकडा होता. कडेला चिंच, तिच्याखाली शेंदूर लावलेला मारुती. शेंदूर ताजा होता.

गाव का उठलं, हे मात्र टोपोशीट सांगत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, यांतलं काहीही असेल, किंवा नुसती विहीर आटली असेल. त्यासाठी बंदोबस्ताचे, म्हणजे जमिनीचा सारा ठरवतानाचे, जुने कागद उघडावे लागतात. आणि समासातलं मोजणीचं वर्ष आधी वाचावं. छपाईचं साल वेगळं असतं, त्यावर विसंबलं की तर्क काही वर्षांनी घसरतो.

तीनपैकी एक पांदण आमच्या गावाला येते, दुसरी धार संपल्यावर नाल्याकडे उतरते. तिसरी पूर्वेला जाऊन शीटच्या कडेवर तुटते. पलीकडची शीट ५५ पी/२, तिच्यावर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याचं गिरड आहे. तिची जुनी प्रत अजून मिळायची आहे.