माणिक लॅबमधलं की काचेचं?

इंदूरच्या सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते. खडा पारखायला मात्र दिवसाउजेडीच जावं. पिवळ्या दिव्यांखाली लाल काचसुद्धा माणकासारखी पेटलेली दिसते.

‘नकली’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावतो. लॅबमधलं माणिक हे माणिकच असतं: ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, क्रोमियममुळे आलेला लाल रंग, कठीणपणा मोह्सच्या 1 ते 10 मापावर 9. इमिटेशन म्हणजे काच किंवा दुसरंच काही. माणकाशी नातं फक्त रंगापुरतं.

काच पकडायला वजन पुरतं. सुटा खडा आधी हवेत तोला, मग बारीक तारेच्या कडीत ठेवून पाण्यात बुडवून तोला. तारेचं वजन वजा करा. समजा हवेत 2.40 कॅरेट भरला आणि पाण्यात 1.80. घट 0.60. 2.40 भागिले 0.60 म्हणजे 4.00, हे माणकाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ते किती पट जड. साध्या काचेचं 2.5 च्या आसपास येतं. घोटाळा होतो तो खड्याला चिकटलेल्या बुडबुड्यामुळे. तो खड्याला वर उचलतो, पाण्यातलं वजन कमी भरतं आणि अस्सल माणिकही 3.7 दाखवतं. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. गार्नेट या दुसऱ्या लाल रत्नाचे काही खडेही 4 च्या जवळ जातात, ते ओळखायला पोलॅरिस्कोपच लागतो, म्हणजे खडा ध्रुवित प्रकाशात पाहण्याचं उपकरण.

लॅबचं की खाणीतलं, हे मात्र वजन सांगत नाही. त्यासाठी 10 पट भिंग घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि खडा हळूहळू फिरवत आतल्या रेषा शोधा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांनी 1902 साली जाहीर केलेल्या पद्धतीत भुकटी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून वितळत खाली पडते आणि घुमटासारख्या माथ्यावर थरावर थर बसतो. म्हणून त्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार रेषा असतात, कधी गोल बुडबुडेही. जमिनीत स्फटिक सपाट बाजूंनी वाढतो, त्यामुळे तिथल्या रेषा सरळ आणि कोनात वळलेल्या.

पण वळणदार रेषा दिसल्या नाहीत म्हणून खडा खाणीतलाच, असं धरू नका. फ्लक्स पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या क्षारात विरघळवून सावकाश वाढवलेल्या लॅबच्या माणकात त्या नसतातच. महागडा खडा रत्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय घेऊ नये. अहवालात भेगांत शिशाची काच भरल्याचा उल्लेख असेल, तर दुरुस्तीला देताना सोनाराला आधी सांगा: तेजाबाने आणि ज्योतीने ती काच खराब होते.